कुटुंब-आरोग्याचा कार्यक्रम गावच्या रीतीनं बसवायचाय – अनिशिनाबे लोकांकडचं काम कुणी जवळून पाहिलंय का?

कणकुंबीकाठ (धागा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे, रानातल्या गावांत आमची एक लहान संस्था काम करते. मी तिथं समन्वयक आहे. यंदा आम्हाला 'कुटुंब स्वास्थ्य' या कामासाठी तीन वर्षांचा निधी मिळालाय. अट अशी की एकट्या बाईला किंवा एकट्या पोराला धरून काम करायचं नाही, अख्खं घर धरायचं.

मला हे मनापासून पटतं. आमच्या भागातलं दुखणं घराचं आहे. तरणी माणसं गोव्यात, नाहीतर बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे पहिल्या गाडीनं परत. घरात सासू, सून, पोरं. रोप लावणीच्या दिवसांत सून दिवसभर चिखलात, तान्हं बाळ सासूकडे, आणि सासूची शुगर कुणी बघत नाही. नवरा घरी असतो त्या एका दिवसातला निम्मा दारूत जातो. आम्ही आजवर रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या वाटल्या, व्याख्यानं ठेवली. बायका येतात, सतरंजीवर बसतात, सही करतात, घरी जातात. पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन तिथंच.

आमच्या एका विश्वस्तांनी कॅनडातल्या अनिशिनाबे या मूळ रहिवासी समाजाच्या कुटुंब-कार्यक्रमांवर ऑनलाइन भाषण ऐकलं आणि ते भारावून गेले. त्यात चार रंगांचं एक चक्र होतं: शरीर, मन, भावना, आत्मा. ते म्हणतात, हेच चक्र फ्लेक्सवर छापून गावोगाव लावू आणि कार्यक्रम त्या चार भागांत बसवू. त्यांची तळमळ खरी आहे. पण दुसऱ्यांच्या श्रद्धेची गोष्ट अशी उचलून आमच्या समाजमंदिराच्या भिंतीवर लावणं मला बरं वाटत नाही.

तरीही तिकडचं काम समजून घ्यायचंय. आजी-आजोबा, आईबाप, पोरं एकत्र आणायचं हे काम तिथं रोजच्या रोज कसं चालतं? त्यातलं आम्ही काय घेऊ शकतो? आणि निधी देणाऱ्यांना दर तिमाहीला आकडे लागतात, ते कुठून काढायचे? कुणी तिकडे राहिलंय, काम केलंय का?

---

हलशी_हायवे

वाचतोय. माझी चुलतबहीण टोरांटोला असते, पण तिला यातलं काही माहीत असेल असं वाटत नाही. धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

---

शहापूरची

कणकुंबीकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर: हो, केलंय.

मी मूळची बेळगाव शहापूरची. ऑन्टारिओत, लेक सुपीरिअरच्या उत्तरेला, एका अनिशिनाबे समुदायाच्या आरोग्य कार्यालयात काही वर्षं कुटुंब-कार्यक्रमाची समन्वयक होते. आता आईवडिलांसाठी परत आलेय. समुदायाचं नाव लिहीत नाही. तिथल्या घरांत मी जे पाहिलं ते त्या घरांचं आहे. कामाची रीत मात्र सांगते, ती सांगायला त्यांची हरकत नसायची.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय बाकीचं समजत नाही. अनिशिनाबे म्हणजे ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी वगैरे एका भाषाकुळातले, एकमेकांशी नातं मानणारे समाज, मोठ्या सरोवरांच्या भोवती कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडे पसरलेले. कॅनडात शंभराहून जास्त वर्षं त्यांच्या आणि इतर मूळ समाजांच्या मुलांना घरातून नेऊन निवासी शाळांत ठेवत. दीड लाखावर मुलं गेली. आपली भाषा बोललं तर शिक्षा. शेवटच्या शाळा बंद झाल्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे माझ्या वयाच्या बायका त्या शाळांत शिकलेल्या होत्या. कित्येक समारंभांवर तर १९५१ पर्यंत कायद्यानंच बंदी होती. १९६० च्या दशकापासून समाजकल्याणवाल्यांनी मुलं उचलून बाहेरच्या घरांत दत्तक दिली. ते अजून पुरतं थांबलेलं नाही: २०२१ च्या कॅनडाच्या जनगणनेत १५ वर्षांखालच्या मुलांत मूळ समाजांची मुलं ७.७ टक्के होती, पण सरकारनं दुसऱ्यांच्या घरी ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के.

हे एवढं का सांगतेय? तिथं 'कुटुंब स्वास्थ्य' असा बोर्ड लावून कुणी वही घेऊन बसलं की आईच्या पोटात गोळा येतो. ही सही कुठं जाणार, उद्या माझ्या पोराला न्यायला कोण येणार? म्हणून तिथल्या कार्यक्रमात वही, खुर्च्या आणि वक्ता हे तीन प्रकार शक्यतो नसतातच. घरातल्या माणसांनी मिळून काहीतरी करायचं, जे पणजोबांना येत होतं आणि मध्ये तुटलं. तपासणी त्याच्या कडेनं होते.

एक उदाहरण नीट सांगते. मार्चच्या शेवटी, दिवसा बर्फ वितळायला लागतं आणि रात्री पुन्हा गोठतं, तेव्हा मेपलच्या झाडातून रस सुटतो. तो गोळा करून आटवायचा. साधारण ४० लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. म्हणजे दिवस-रात्र चूल. आमच्याकडे त्यासाठी घरंच्या घरं रानात मुक्कामाला जायची. पोरं बादल्या घसरगाडीवरून ओढत आणायची, निम्मा रस बुटांवर सांडायचा, कुणी रागवायचं नाही. पाक उतू जायला आला की आजी स्प्रूसच्या झाडाची हिरवी डहाळी त्यात बुडवायची आणि फेस खाली बसायचा. ती डहाळी नातवाच्या हातात कधी द्यायची हे आजी ठरवायची. रात्रीचा जाळ सांभाळायचं काम नुकतंच व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्या एका बापाला दिलं होतं. का, ते कुणी बोललं नाही, त्यालाही विचारलं नाही. तो पहाटेपर्यंत जागायचा आणि त्याचा थोरला मुलगा त्याच्याशेजारी लाकडावर बसून राहायचा. नर्सबाई यायच्या त्या टेबल न मांडता. जाळापाशी बसून एकेकाचा रक्तदाब बघायच्या, पाय बघायच्या, कारण मधुमेह घरटी आहे.

या सगळ्यात समन्वयक काय करते? लाकूड शरद ऋतूतच फोडून ठेवलंय का ते बघते. कोणती गाडी किती वाजता कुणाच्या दारात. म्हाताऱ्यांना बसायला पाठ टेकेल अशी खुर्ची. इन्सुलिन थंडीत गोठू नये म्हणून ते कुणाच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचं. तान्ह्यांचे लंगोट. शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांचं मानधन पाकिटात घालून त्याच दिवशी हातात, चेकसाठी दोन महिने थांबवायचं नाही. आणि त्यांना बोलवायला जाताना तंबाखूची चिमूट, कापडात बांधून. तिथं वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं तर आधी तंबाखू द्यायची रीत आहे, आपण पान-सुपारी ठेवून बोलणं काढतो तसं. त्यांनी ती घेतली म्हणजे काम मनावर घेतलं. नाही घेतली तर विषय तिथंच संपला, मग कितीही निधी असो.

शिकवणं माझं काम नव्हतंच. कोण काय शिकवणार, कुणापुढे शिकवणार, हे वडीलधाऱ्यांचं मंडळ ठरवायचं. एकदा वरून पत्र आलं की जूनमध्ये मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम घ्या. नानाबोझो हा त्यांच्या जुन्या कथांचा नायक, त्याच्या गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात. मंडळानं नाही म्हटलं. आपल्याकडे श्रावणातल्या कहाण्या वैशाखात कुणी वाचायला बसत नाही, त्यामुळे मला ते लगेच उमगलं. मी पत्राला उत्तर लिहिलं की कार्यक्रम डिसेंबरात होईल, आणि डिसेंबरात झाला.

आता कॅनडातही सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे नेमका रस सुटतो तेव्हा खर्चाची मुदत संपलेली. हा ताण दरवर्षीचा. आम्ही सामान, इंधन, लाकूड हे सगळं फेब्रुवारीत घेऊन ठेवायचो आणि मुक्काम झाडांच्या मर्जीनं ठेवायचो. तुमच्या निधीचं वर्षही ३१ मार्चलाच संपत असणार. तेव्हा तुमच्याकडे शिमगा आणि काजू. आत्ताच बघून ठेवा.

अजून एक, मयताचं. गावात कुणी गेलं की सगळं थांबतं. चार दिवस अग्नी जळता ठेवतात, कार्यालय बंद, सगळे स्वयंपाकाला. वर्षाच्या वेळापत्रकात मी मुद्दाम रिकामे आठवडे ठेवायची. तुमच्या गावांत भाऊबंद मोठे, सुतक आलं की अर्धी वाडी दहा-बारा दिवस बाहेर निघत नाही. तेव्हा लावलेलं शिबिर फसतं आणि अहवालात 'प्रतिसाद कमी' असं लिहिलं जातं. प्रतिसाद कमी नसतो, घरात मयत झालेलं असतं.

त्या चक्राबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. ती त्यांची शिकवण आहे, वडीलधाऱ्यांकडून मिळते, आणि कोणता रंग कोणत्या दिशेला हेही सगळीकडे सारखं नाही. फ्लेक्सवर छापू नका. विश्वस्तांना सांगा, तिकडच्या लोकांनी सगळ्यात जास्त जपलेली गोष्ट हीच आहे की आपलं आपण ठरवायचं. तुमच्या वाडीनं तेवढं घेतलं तरी पुष्कळ.

कुठून सुरुवात करावी? मला विचाराल तर बाळंतिणीपासून. सव्वा महिना घर आपोआप तिच्याभोवती फिरतं. शेक, शेगडी, तेल लावणारी बाई, डिंक-अळीव, माहेर-सासरची ये-जा. आजीला तिथं मान आहे आणि सांगण्यासारखं पुष्कळ आहे. तुमच्या लोहाच्या गोळ्या, बाळाचं वजन, सासूची शुगर, सगळं त्या एका खोलीत होऊ शकतं. फक्त नवऱ्याला त्या खोलीजवळ आणायची वाट शोधावी लागेल. ती मला इथं बसून सांगता येणार नाही, ती तिथल्या म्हाताऱ्या सांगतील.

---

कणकुंबीकाठ

शहापूरची ताई, हे वाचून किती धीर आला सांगू. प्रिंट काढून विश्वस्तांना देणार आहे, चालेल ना?

बाळंतिणीचं अगदी बरोबर. शेगडीच्या धुराबद्दल मात्र आमच्या डॉक्टरांचा आक्षेप आहे, दार-खिडकी बंद करून शेकतात म्हणून. ते कसं सांगायचं हा पेच आहेच.

आणि एक विचारते. आमच्या कार्यक्रमांची सुरुवात हळदीकुंकवानं करायची पद्धत पडलीय. 'संस्कृतीला धरून' म्हणून आता ते वाढवावं असा सूर आहे. ते करू का?

---

निपाणीचा_तात्या

मी वयानं मोठा आहे, स्पष्ट लिहितो.

हळदीकुंकू ठेवलंत की विधवा बाहेर. तुमच्या गावांत सासू म्हणून ज्या बसल्यात त्यातल्या कितीजणी कुंकू लावतात ते आधी बघा. नातवंडं सांभाळणाऱ्या आजीलाच दारात थांबवून कुटुंबाचा कार्यक्रम कसला करणार?

संस्कृती हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो. आमच्या सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर 'उदं गं आई' म्हणत जाणाऱ्या लाखो माणसांत माझी आईही असायची, आणि त्या वाटेवर तिला मिळालेलं बळ मी पाहिलंय. त्याच देवीच्या नावानं पोरी देवदासी म्हणून सोडल्या जात होत्या. कर्नाटकात १९८२ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. एकाच डोंगरावरच्या दोन गोष्टी आहेत. कोणती धरायची आणि कोणती टाकायची हे ठरवताना जिच्यावर बेतलं तिला विचारलं पाहिजे.

तंबाखूचं वाचून चमकलो. माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. घरात तंबाखूची धूळ, तिचा खोकला, बोटांचा रंग, हे सगळं आठवतं. निपाणीतल्या शेतकऱ्यांनी १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी हायवे अडवला तेव्हा मी तरुण होतो. आमच्यासाठी तंबाखू म्हणजे पोट आणि रोग, दोन्ही. ती वडीलधाऱ्यांना मानानं द्यायची वस्तू असू शकते, हे पहिल्यांदा ऐकलं. शहापूरची, तिथं या तंबाखूनं माणसं आजारी नाहीत का?

---

शहापूरची

तात्या, नमस्कार. तुमचं हळदीकुंकवाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

तंबाखूचं: आजारी आहेत, भरपूर आहेत. सिगारेटचं प्रमाण तिथं जास्त आहे आणि फुप्फुसाचे आजारही. पण समारंभातली तंबाखू आणि दुकानातली सिगारेट यांत ते स्वतःच फरक करतात. एक मातीत, पाण्यात किंवा अग्नीत अर्पण करायची, ती छातीत ओढायची नाही. सिगारेट सोडवण्याचं काम तिथं याच फरकावर उभं आहे. आजोबा नातवाला सांगतात की तू हे ओढतोयस, हे मागणं मागायला दिलेलं आहे. डॉक्टरच्या तक्त्यानं जे होत नव्हतं ते काही घरांत या बोलण्यानं झालं. सगळ्या घरांत नाही.

कुणाला बाहेर ठेवलं जातं हा प्रश्न तिथंही आहे. पाळीच्या दिवसांत बाईनं काही समारंभांत, काही पवित्र वस्तूंजवळ येऊ नये असा नियम पुष्कळ ठिकाणी पाळतात. त्या दिवसांत तिच्यात मोठी शक्ती असते असं आजी सांगतात आणि मुलींना त्याचा मान वाटावा असं शिकवतात. तरुण मुलींपैकी काहींना पटतं, काहींना नाही, आणि हा वाद त्या आपसात घालतात. मी बाहेरची, मी मत दिलं नाही. मात्र एक बघितलं: त्या दिवशी जी आत जाणार नव्हती तिच्यासाठी बाहेर दुसरी चूल, दुसरी आजी, दुसरं काम असायचं. कुणी घरी परत गेली नाही.

कणकुंबीकाठ, तुमच्याकडे सगळ्या जणी आधीच बसतात अशी जागा शोधा. भजनी मंडळात विधवा बसतात. भांगलणीला गाणी म्हणताना सगळ्या असतात. पारायणाच्या स्वयंपाकात असतात. गौरीच्या झिम्मा-फुगडीला माहेरवाशिणी येतात, त्यांच्या मागे बसून ओव्या सांगणाऱ्या म्हाताऱ्याच असतात. तिथून सुरू करा.

आणि शेगडीचं: डॉक्टरांना त्या खोलीत घेऊन जा, सुईणपण केलेल्या म्हातारीशेजारी बसवा. खिडकी किती उघडायची हे त्या दोघांनी ठरवू दे. ऊब ठेवून धूर बाहेर काढायची युक्ती म्हातारीला सुचेल, तिनं अशी कितीतरी घरं सांभाळलीत.

---

अंगणवाडीतली_माई

मी शिकलेली कमी आहे, पण वीस-बावीस घरं रोज बघते म्हणून लिहिते.

ताई, गडीमाणसं रविवारी असतात म्हणून तुम्ही रविवारी सकाळी बोलवाल. येणार नाहीत. रविवारी सकाळी मटण, दुपारी झोप. शनिवारी रात्री भजनाला मात्र येतात की! टाळ-मृदंग असला की दारू पिऊन यायला लाजतात, माळकरी म्हातारे बसलेले असतात ना समोर. आमच्या वाडीत दोघांनी भजनासाठी शनिवारची सोडली आहे. रविवारची नाही सोडली, पण शनिवारची सोडली. तुम्ही भजनाच्या आधी अर्धा तास धरा. बाळाला मांडीवर घेऊन बाप बसला तर बसू दे, त्याला काही सांगू नका, नुसतं वजन करा बाळाचं त्याच्यासमोर. आकडा त्यालाच वाचायला लावा. माझ्या इथं एक जण दर महिन्याला विचारतोय आता, माई, किती भरलं?

दुसरं, सहीचं. तिकडच्या बायका सहीला भितात असं वाचलं. आमच्याही भितात. पण कारण वेगळं. मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांनी बायका इतक्या पिडल्यात की कुणी वही पुढे केली की आधी विचारतात, हे कर्जाचं नव्हं ना? सरकारनं २०२५ मध्ये वसुलीच्या जाचाविरुद्ध अध्यादेश काढला, तरी धाक मनातून गेलेला नाही. म्हणून तुमची वही कशाची ते पहिल्याच दिवशी मोठ्यानं वाचून दाखवा. आणि मराठीत वाचा. आमचे फॉर्म कन्नडात येतात, मला येतं, पण सासवांना येत नाही. उलट बैलहोंगलकडच्या सुना असतात, त्यांना कन्नडच येतं, मराठी हळूहळू. एका घरात दोन्ही असतात. दोन्हीत बोललं की घर उघडतं. एकाच भाषेत बोलला तर अर्धं घर गप्प बसतं.

तिसरं, एसटीचं. शक्ती योजनेमुळे बायकांना तिकीट नाही, म्हणून सगळे म्हणतात खानापुरात बोलवा. बस सकाळची एक, संध्याकाळची एक. पावसात भीमगडच्या बाजूची गावं तुटतातच. तुम्ही वाडीत या. जेवण आमच्याकडे.

---

हलशी_हायवे

माई, शनिवारच्या भजनाचं वाचून मजा आली. आमच्या गावात तालमीतही तसंच व्हायचं. तालीम आता बंद आहे, चालू करायला कुणी विचारत असेल तर मी चार मित्र घेऊन येतो. पैसे नकोत.

---

कणकुंबीकाठ

@हलशी_हायवे, विचारतेच आहे. खासगी निरोप पाठवते.

माई, तुम्ही कमी शिकलेल्या असं पुन्हा लिहू नका. वजनाचा आकडा बापाला वाचायला लावायचा, हे मी उद्यापासून करणार.

तात्या, हळदीकुंकू काढलं. बैठकीत थोडी कुरकुर झाली. मग आमच्याच स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, मला तर तुम्ही कधी आत बोलावलंच नव्हतं. त्यावर कुणी काही बोललं नाही आणि विषय मार्गी लागला.

शहापूरची ताई, आकड्यांचं राहिलं. निधीवाल्यांच्या तक्त्यात रकाने आहेत: शिबिरं किती, लाभार्थी किती, साहित्यवाटप किती. आता मी भजनाआधी अर्धा तास बसणार आणि बाळंतिणीच्या खोलीत जाणार. ते कुठल्या रकान्यात भरू? आणि विश्वस्त विचारतायत, आमच्या तालुक्यातल्या सिद्दी आणि गवळी धनगर वाड्यांत हेच लगेच सुरू करू का, ते तर आदिवासी, म्हणजे जास्त जवळचे.

---

शहापूरची

प्रिंट काढा, हरकत नाही.

दुसरं आधी. सिद्दी वाड्यांत जा, पण 'तुम्ही अनिशिनाबेंसारखे' असं मनात धरून जाऊ नका. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांचा इतिहास वेगळा. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, बेळगाव-धारवाडमधल्यांना २०२० मध्ये. या मधल्या वर्षांत इथल्या सिद्दी घरांनी काय काय सोसलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. त्यांच्या बायका जुन्या साड्यांच्या तुकड्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात, घरात बाळ येणार म्हटलं की लहानशी कवंदी तयार होते. तिथं बसायला बोलावलं तर बसा आणि शिवायला सुई मागा. काय सुरू करायचं ते त्या सांगतील. गवळी धनगरांना राज्यात जमातीचा दर्जा मिळायचाय, त्यांचा प्रश्न आणखी वेगळा. दोघांना एका फायलीत घालू नका. आणि आपल्या मराठा, कुणबी घरांचं दुखणं तिकडच्या दुखण्याच्या शेजारी ठेवतानाही मी जपते. तिथं मुलं कायद्यानं नेली गेली. आपली कमवायला गेली आहेत आणि शनिवारी परत येतात. हा फरक फार मोठा आहे.

आता आकडे. कॅनडातल्या मूळ समाजांनी १९९८ पासून एक तत्त्व लावून धरलंय: आपल्या लोकांच्या माहितीची मालकी आपली, ताबा आपला, बघायचा हक्क आपला, आणि ती ठेवायची आपल्याकडे. आमच्या कार्यालयात मुक्काम संपला की घरांना विचारायचे, काय बाहेर जाऊ दे? एकदा निधीवाल्यांना जाळापाशी बसलेल्या बापलेकाचा फोटो हवा होता. बापानं नको म्हटलं. आम्ही रिकाम्या बादल्यांचा फोटो पाठवला, तो चालला.

तुम्ही हिमोग्लोबिनचं रजिस्टर व्हॉट्सॲप गटावर टाकत असाल तर आज बंद करा. नावासकट तर नकोच. प्रत्येक घराला एक कार्ड द्या, ते घरातच देवाऱ्याजवळ राहू दे, तुमच्याकडे फक्त बेरीज.

रकान्यांचं असं करा: तिमाही येण्याची वाट बघू नका, आत्ताच निधीवाल्यांना पत्र लिहा की आम्ही तुमचे रकाने भरूच, सोबत आमचे तीन जोडतो. न बोलावता पुन्हा आलेली घरं किती. ज्या बैठकीला एका घरातून आजी, सून आणि नातवंड तिघं आले अशा बैठका किती. बापानं स्वतः बाळाचं वजन वाचलं असं किती वेळा. हे मोजायला माई आहेतच. भजनाआधीची बैठक 'शिबिर' या रकान्यात सरळ भरा, त्यात काही खोटं नाही. बाळंतिणीची भेट 'गृहभेट' मध्ये. अशी पत्रं मी तिकडे लिहिली आहेत. पैसे देणारी माणसंही बऱ्याचदा असं काहीतरी वाचायला मिळावं म्हणून थांबलेली असतात. पत्राचा मसुदा पाठवा, मी बघून देते.

मानधनाचं विसरू नका. ओव्या सांगणाऱ्या म्हातारीला, सुईणपण केलेल्या आजीला, मृदंगवाल्याला. रक्कम लहान असली तरी पाकिटात, त्याच दिवशी, आणि पान-सुपारी ठेवून. 'स्थानिक तज्ज्ञ मानधन' असा रकाना तुमच्या अंदाजपत्रकात नक्की असेल. तो शहरातल्या व्याख्यात्यांसाठी ठेवलेला असतो, इकडे वळवा.

---

कणकुंबीकाठ

आहे तो रकाना. आत्ताच उघडून बघितला, नऊ व्याख्यानांचे पैसे धरलेत त्यात.

मसुदा रविवारपर्यंत पाठवते. लावणी सुरू झाली की कुणाला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून पहिली बैठक मृगाच्या आधी धरतेय, माईंच्या वाडीत, शनिवारी, भजनाच्या आधी. माई, जेवायला किती जण येऊ?

---

अंगणवाडीतली_माई

कितीही या. येताना वजनकाटा आणा, आमचा बिघडलाय.